क्रेप बँडेज आणि नळीपट्टी धुताना: ताण कशानं जातो, कशानं परत येतो

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या घोट्याच्या वर शिरांच्या विकाराची जखम आहे, मधुमेहही आहे. ड्रेसिंग एक दिवसाआड बदलतात. ते जागेवर धरायला आतून नळीसारखं इलास्टिक बँडेज आणि वरून क्रेप. क्रेप पाच-सहा धुण्यांत सैल पडतं, नळीचे काठ उसवतात. घरात बोअरचं पाणी आहे. गरम पाण्यात जंतुनाशक टाकून धुवावं का, मशीन चालेल का, आणि किती धुण्यांनंतर फेकून द्यावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्या पोटात आहेत. धुण्यांचा आकडा सांगता येत नाही. एकाच दुकानातून आणलेल्या दोन सारख्या पट्ट्यांपैकी एक महिन्यात कामातून जाते आणि दुसरी चार महिने टिकते. फरक धुण्यानं पडत नाही. गरम पाणी, ब्लीच, मलमाचं तेल आणि ओली पट्टी दोरीवर लोंबकळत वाळवणं, हे चार घटक तो पाडतात. उलट, घामात आणि मलमात माखलेली पट्टी चार दिवस न धुता वापरली तर ती वेळच्या वेळी धुतलेल्या पट्टीच्या आधी जाते.

पण सगळ्यात आधी पट्टी कशाची आहे ते बघा. 'क्रेप' हे नाव दोन अगदी वेगळ्या वस्तूंना चिकटलेलं आहे. जुन्या पद्धतीचं क्रेप निव्वळ सुती असतं. त्यात रबर नसतं, लायक्रा (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा) नसतो. त्याच्या सुताला विणण्याआधी नेहमीपेक्षा खूप जास्त पीळ दिलेला असतो. जास्त पीळ दिलेला दोरा मोकळा सोडला की स्वतःभोवती गुंडाळून आखडतो, तसंच हे कापड आखडून सुरकुत्यांचं होतं. त्याचा 'ताण' म्हणजे त्या सुरकुत्या उलगडणं, एवढंच. म्हणून पाकिटावर लिहिलेली ४ मीटर लांबी बहुधा ताणलेल्या पट्टीची असते. मोकळी मोजली तर कमी भरते. ती फसवणूक नाही. दुसरा प्रकार म्हणजे सुतात बारीक लायक्राचे किंवा रबराचे धागे घातलेली पट्टी. ओळखायची कशी? कापलेल्या टोकाचे आडवे-उभे दोरे सुईनं सोडवा. एखादा बारीक धागा रबरबँडसारखा ताणला जाऊन टचकन परत आला तर ती इलास्टिकची. सगळे दोरे नुसते सुताचे निघाले तर ती खरी क्रेप.

या दोघींना धुण्याचं पाणी वेगवेगळं लागू पडतं.

सुती क्रेप पायावर आठ-दहा तास राहिली की तिच्या सुरकुत्या उलगडून तशाच बसतात. सूत स्वतःहून परत येत नाही. पाणी लागलं की तंतू फुगतात, बसलेला आकार सोडतात आणि पीळ पुन्हा ओढ घेतो. म्हणजे सुती क्रेपला धुणं हेच औषध आहे. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून, न ओढता, सपाट वाळवली तर गेलेला ताण बराचसा परत येतो. तुमच्या घरी तो परत येत नाही, याचं कारण बहुधा वाळवण्यात आहे. चार मीटरची ओली पट्टी दोरीवर टाकली की पाण्याच्या वजनानं ती खाली ओढली जाते, सुरकुत्या उलगडलेल्या अवस्थेतच सुकते, आणि सुताला तोच आकार लागतो. त्यावर इस्त्री फिरवली तर मग विचारायलाच नको. पट्टीला इस्त्री करणं म्हणजे तिची क्रेप काढून टाकणं. स्वच्छ दिसावं म्हणून घरोघरी केली जाते, आणि नंतर पट्टी सैल पडली म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो.

लायक्राच्या किंवा रबराच्या पट्टीचं गणित उलटं. तिथं ताण धाग्यातच असतो आणि तो धागा हळूहळू झिजतो. धुण्यानं तो परत मिळत नाही, फक्त घाम, तेल आणि क्षार निघून झीज मंदावते. लायक्राचे दोन मोठे शत्रू म्हणजे क्लोरीन आणि उष्णता. रबराचे शत्रू तेल आणि ऊन. पेट्रोलियम जेली, मलमाचा मेणकट पाया, खोबरेल तेल हे रबरात शिरतात, ते फुगतं, मऊ पडतं आणि मग तुटतं. जखमेभोवतीच्या कोरड्या कातडीला रोज तेल लावणाऱ्या घरांत नळीपट्टी लवकर का जाते, त्याचं उत्तर इथं आहे. तेल लावायचंच असेल तर पट्टी काढल्यावर लावा, मुरू द्या, उरलेलं पुसून घ्या, मग पट्टी चढवा.

आता धुण्याची पद्धत. एका वेळी दोन-तीन पट्ट्यांना अर्धी बादली, म्हणजे साधारण ५ लिटर पाणी पुरतं. त्यात कपड्यांची पावडर सपाट एक चमचा, जास्त नाही. वडीसाबण टाळा, विशेषतः बोअरच्या पाण्यात. जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट पांढरा थर सुतात बसतो. पट्टी कडक होते, कातडीवर घासते, आणि आपल्याला वाटतं की ताण गेला. पावडर जड पाण्यातही बऱ्यापैकी काम करते. आधीच कडक झालेली पट्टी असेल तर शेवटून दुसऱ्या पाण्यात लिंबूफूल पाव चमचा विरघळवा, पाच मिनिटं ठेवा, आणि मग साध्या पाण्यातून काढा. त्याच बादलीत ब्लीच कधीही नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रक्त किंवा जखमेचा पातळ स्राव लागला असेल तर पहिलं पाणी थंडच हवं. गरम पाण्यात रक्तातलं प्रथिन शिजतं आणि डाग धाग्यात पक्का होतो. थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, मग पावडरच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं. कोमट म्हणजे हात सहज राहील इतपत, ३० ते ४० अंश. पट्टी पाण्यात दाबायची आणि सोडायची, जशी आपण स्पंज दाबतो. ब्रश नको, दगडावर आपटणं नको, दोन्ही हातांनी पीळ घालणं तर अजिबात नको. पिळताना पट्टीच्या एका भागावर सगळा जोर येतो आणि आतले बारीक इलास्टिक धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. तीन वेळा खळखळून विसळा. फेस येत राहिला तर चौथ्यांदाही. पट्टीत राहिलेला डिटर्जंट घामानं ओला होतो आणि कातडी चाळवतो.

मलम लागलेली जागा वेगळी हाताळा. तेलकट भागावर भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकून बोटांनी हलकेच चोळा आणि कोमट पाण्यानं काढा. खोबरेल तेल थंडीत गोठतं, त्यामुळे डिसेंबरात थंड पाण्यानं ते निघतच नाही. म्हणून रक्त आणि तेल दोन्ही असतील तर क्रम पाळा: आधी थंड पाण्यानं रक्त, नंतर कोमट पाणी आणि साबणानं तेल.

आयोडीनचा तपकिरी डाग बघून बऱ्याच जणांचा हात ब्लीचकडे जातो. गरज नाही. सी जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कपभर पाण्यात चुरून डागावर टाका, रंग बघता बघता उतरतो, मग धुवा. तोच डाग खळ दिलेल्या कापडावर निळा-काळा दिसतो, कारण आयोडीन आणि पिठाचा तो ठरलेला रंग आहे. घाबरू नका. हळदीचंही असंच: साबणाच्या क्षारात ती लाल होते आणि बघणाऱ्याला रक्तस्राव वाटतो. हळदीचा डाग उन्हानं फिका पडतो हे खरं, पण त्यासाठी इलास्टिक पट्टी उन्हात ठेवू नका. डागानं पट्टीचं काम बिघडत नाही. (जखमेवर हळद नको, हा वेगळा विषय, पण सांगून ठेवतो.)

मशीन चालतं. पट्टी सैल गुंडाळी करून जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर ती बाकीच्या कपड्यांभोवती गुंडाळली जाते आणि फिरताना ओढून ताणली जाते. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, ३० ते ४० अंश, फिरकी कमी वेगाची. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका. ते धाग्यांवर पातळ थर चढवतं, पट्टी घसरायला लागते, आणि शिरांच्या जखमा असलेल्यांच्या कातडीला ॲलर्जी फार पटकन होते. पोटपट्ट्यासारखं वेल्क्रो असलेलं काही असेल तर वेल्क्रो बंद करूनच धुवा. उघडं राहिलं तर काटेरी बाजू पट्टीचा काठ फाडते आणि स्वतः सुताच्या धाग्यांनी भरून जाते. भरलेलं वेल्क्रो जुन्या दातघासणीच्या ब्रशनं किंवा सुईनं साफ होतं. मात्र मऊ बाजूचा केसाळपणा एकदा झडला की तो परत येत नाही. पट्ट्याचं बाकी सगळं शाबूत असलं तरी पकड गेली. फोम चिकटवलेला पट्टा गरम पाण्यात किंवा पिळताना थर सोडतो, तो हातानं धुवा.

वाळवण्याकडे लक्ष द्या, कारण निम्मी पट्टी तिथं वाचते. धुतलेली पट्टी कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा, वरून दाबा. मग स्टँडवर किंवा चाळणीवर सपाट पसरून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती दोन दिवसही सुकत नाही. तेव्हा पंख्याखाली ठेवा. गॅसच्या शेगडीवर, इन्व्हर्टरवर किंवा हेअर ड्रायरनं घाईनं सुकवाल तर इलास्टिक जाईल. दमट पट्टी तशीच बांधणं त्याहून वाईट. जखमेच्या काठाची कातडी पांढरी पडून सुटते आणि बुरशीला जागा मिळते. म्हणून पावसाळ्यात चार जोड्या ठेवा, एरवी तीन: एक पायावर, एक वाळत, एक कोरडी कपाटात. इलास्टिकला मधल्या दिवसाची विश्रांती मिळाली तर तो आपल्या मूळ लांबीला नीट परततो, हा त्याचा जास्तीचा फायदा. सुकल्यावर गुंडाळी करताना ओढून घट्ट करू नका. तशी ठेवलेली पट्टी कपाटातसुद्धा ताणाखालीच असते.

आता गरम पाणी आणि जंतुनाशक. रुग्णालयाच्या धुलाईत कपडे उष्णतेनं निर्जंतुक करायचे तर ६५ अंशांना किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटं, असा ब्रिटिश आरोग्यसेवेचा प्रचलित नियम आहे. निव्वळ सुती पट्टीला तो सहज झेपतो, ती घरी दहा-पंधरा मिनिटं उकळूनही चालते. इलास्टिकला झेपत नाही. जंतुनाशकाचं म्हणाल तर बादलीत टाकलेलं झाकणभर सुगंधी द्रव्य पट्टीला वास देतं, बाकी फारसं काही करत नाही, आणि विसळताना पूर्ण न निघाल्यास जखमेभोवती पुरळ आणतं. क्लोरीनचं ब्लीच जंतू मारतं, सोबत लायक्राही. फारच गरज वाटली तर ऑक्सिजनवालं ब्लीच वापरा. ते कोमट पाण्यात काम करतं आणि इलास्टिकला त्यामानानं सांभाळून घेतं.

खरा उपाय मात्र बांधण्याच्या क्रमात आहे. इलास्टिक पट्टीला जखमेचा स्राव लागताच कामा नये. ड्रेसिंगवर आधी साध्या सुती गॉजची रोलपट्टी दोन-तीन फेऱ्या, मग नळी, मग क्रेप. घाण व्हायची ती रोलपट्टी होईल. ती फेकून द्या किंवा उकळा. वरच्या पट्ट्यांना फक्त घाम धुऊन काढायचा उरतो आणि त्याला कोमट पाणी पुरतं. दर वेळी स्राव रोलपट्टी ओलांडून वर येत असेल तर बिघाड धुण्यात नाही. ड्रेसिंग कमी शोषणारं आहे, बदलायचं अंतर जास्त आहे, किंवा जखमेत जंतुसंसर्ग झाला आहे. वास, हिरवट पू, लाली पसरणं यांपैकी काही असेल तर पट्टी धुण्याचा विचार बाजूला ठेवा, एकदाच वापरायच्या पट्ट्या घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. जखमेला थेट लागणारं गॉज घरी धुऊन पुन्हा लावायचं नाही. चिकटपट्टीचं इलास्टिक आणि स्वतःलाच चिकटणारी रंगीत पट्टी यादेखील एकदाच वापरायच्या.

नळीचे काठ उसवतात त्याबद्दल. नळीतला इलास्टिक धागा गोल गोल फिरत जातो, त्यामुळे कापलेल्या ठिकाणी तो मोकळा सुटणारच. दोन गोष्टी करा. पहिल्या धुण्यात सूत लांबीला आकसतं, म्हणून कापताना ३-४ सेंटीमीटर जास्त ठेवा. आणि काठाला सरळ टाका घालू नका. सरळ टाका ताणत नाही, त्यामुळे तो काठ पायाभोवती दोरीसारखा बसतो. शिवायचंच असेल तर सैल झिगझॅग. सुटलेला धागा ओढून काढू नका, कात्रीनं कापा. काठ दुमडून 'नीट' करण्याचा मोह होतो, तोही टाळा: दुमडलेल्या जागी दोन थर, म्हणजे दाबही जवळपास दुप्पट. मधुमेहात पायाची जाणीव बऱ्याचदा कमी झालेली असते, तेव्हा घट्ट झालेलं रुग्णाला कळतच नाही. पट्टी बांधल्यावर अर्ध्या तासानं अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. बोटं थंड, निळसर किंवा सुजलेली दिसली तर पट्टी लगेच सोडा.

हे सांगायचं कारण, धुतल्यानं पट्टी नेहमी सैलच होते असं नाही. गरम पाण्यात सुती नळी आकसून आधीच्यापेक्षा घट्ट होते. दुसरीकडे, ताण गेलेली क्रेप बांधताना माणूस नकळत जास्त जोरानं ओढतो. आता ती ताणत नाही, नुसती आवळते. संध्याकाळी पाय सुजला की तीच पट्टी रुतते. म्हणून ताण मोजायची सवय लावा. नवी पट्टी एकदा धुऊन सुकवा. सपाट ठेवून, न ओढता, २० सेंटीमीटर अंतरावर पेनानं दोन खुणा करा. वरचं टोक चिमट्यानं दाराला अडकवा, खाली पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली बांधा. मिनिटभरानं खुणांमधलं अंतर मोजा. बाटली काढा, पाच मिनिटं सपाट ठेवा, पुन्हा मोजा. पट्टीच्या टोकाला क्रमांक आणि तारीख लिहा, आकडे वहीत. १० सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीला ही बाटली ठीक आहे, १५ ला पाऊण लिटर घ्या. दर पंधरा दिवसांनी तीच बाटली, तीच पद्धत.

फेकायचं कधी? हा प्रयोगशाळेचा निकष नाही, घरचा आहे: धुऊन, रात्रभर विश्रांती देऊनही २० च्या खुणा २२ वर राहिल्या तर ती पट्टी गेली. सुती क्रेप असेल तर बाटलीखालचं वाढणं पहिल्याच्या दोन-तृतीयांशावर आलं की गेली. लायक्राच्या पट्टीचं उलट होऊ शकतं. आतले धागे तुटले की तीच बाटली तिला पहिल्यापेक्षा जास्त लांबवते, म्हणजे पट्टी 'जास्त लवचिक' वाटते. फसू नका, ती धरत नाही. काठ लाटांसारखे होणं, पृष्ठभागावर चमकणारे केसासारखे धागे वर येणं, मध्येच एक पातळ पट्टा दिसणं, या खुणा मोजण्याच्या आधीच निकाल देतात. पाकिटावर उत्पादकानं धुण्यांची मर्यादा छापली असेल तर ती वरची मर्यादा समजा.

एक फरक मात्र डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. वडिलांची क्रेप फक्त ड्रेसिंग धरायला आहे, की शिरांवर दाब द्यायला? शिरांची जखम मुख्यतः दाबानं भरते. दाबासाठी असलेली पट्टी सैल पडली की जखम भरणं थांबतं, आणि तिथं घरची बाटलीची चाचणी पुरेशी नाही. ती पट्टी ठरलेल्या मुदतीत बदलायची. दाबाचे मोजेही साधारण सहा महिन्यांत बदलतात, आणि तेही दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर. मधुमेह असल्यामुळे दाब सुरू करण्याआधी धमन्यांचा रक्तप्रवाह तपासलेला हवा. मधुमेहात धमन्या कडक झाल्यानं घोट्याच्या रक्तदाबावरून काढलेला साधा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत असतं, तरी विचारा.

पट्टीच्या डब्यात येणाऱ्या दातेरी धातूच्या क्लिपा धुण्याआधी काढा. त्या गंजतात, गंज सुताला खातो, आणि दात रोज त्याच जागी रुतून भोकं पाडतात. शिवाय जाणीव नसलेल्या पायाला त्या टोचल्याचं कळत नाही. त्याऐवजी कागदी चिकटपट्टीचा तुकडा, पट्टीवरच, कातडीवर नाही. आणि निकालात काढलेली पट्टी घडी करून खणात ठेवू नका. कात्रीनं मधून कापा, नाहीतर कुणाचा तरी पाय मुरगळेल त्या दिवशी घाईत तीच बाहेर निघेल.